पाव किलो पाव

'पाव किलो पाव द्या' हे वाक्य मराठी माणसाला लगेच समजतं. (पाव नगावर मिळतो, किलोवर नाही, मान्य. पण उदाहरणापुरतं चालवून घ्या.) लिहिताना दोन्ही 'पाव' अगदी सारखे. तरी त्यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. पहिला पाव म्हणजे संस्कृतातला 'पाद', चौथा भाग, प्राकृतातून झिजत झिजत आपल्यापर्यंत आलेला. दुसरा पोर्तुगीजांबरोबर जहाजातून आला, त्याचं मूळ लॅटिन 'पानिस'. आणि 'देवा, एकदाचा पाव' यातला तिसरा पाव 'प्राप्' या धातूकडून आलाय. तीन शब्द, तीन घराणी, अक्षरं तीच.

हा उद्योग फक्त आपणच करतो असं नाही. युरोपात तर बरेच जण एकाच रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे तिकडे असे अपघात पावलोपावली. पी-ए-आय-एन ही अक्षरं इंग्रजाला दाखवली तर तो म्हणेल वेदना, फ्रेंच माणूस म्हणेल पाव. फ्रेंच शब्द त्याच 'पानिस'वरून आलाय, म्हणजे तो आपल्या वडापावातल्या पावाचा भाऊबंद. इंग्रजी शब्द आलाय लॅटिन 'पोएना'वरून, आणि पोएना म्हणजे दंड, शिक्षा. (हा 'शिक्षा' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आता आमच्या सोलापूरकडे येऊ. ज्यांना सोलापूर म्हणजे फक्त चादर आणि शेंगाचटणी एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. गावाच्या पूर्वभागात विणकामासाठी पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज आहे, त्यांच्या घरात तेलुगू. अक्कलकोटच्या बाजूला निघालात की कन्नड सुरू. शिवाय दखनी उर्दू आहेच. शाळाही मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या. त्यामुळे एकाच आवाजाचा शब्द दोन गल्ल्यांत दोन अर्थांनी भेटतो.

माझा आवडता शब्द 'पेरू'. आपला पेरू पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नासपतीवरून आला असं मानतात. तेलुगूत मात्र 'पेरु' म्हणजे नाव. (शुद्धलेखनवाले म्हणतील तिथे उकार ऱ्हस्व आहे. बरोबर आहे. पण मराठीत शेवटचा उकार दीर्घ लिहायचा आपला नियमच आहे, त्यामुळे आपल्या हातून तो 'पेरू'च होतो.) शाळेत माझा एक बाकमित्र पद्मशाली होता. त्याच्या घरी गेलं की आजी दारातच विचारायची, "नी पेरु?" आमच्याबरोबर एकदा पुण्याहून आलेला एक पाहुणा मुलगा होता. तो म्हणाला, "चालेल, पण अर्धाच द्या." आजींना मराठी चांगलं येत होतं. त्या हसत हसत आत गेल्या आणि खरंच एक पेरू कापून, तिखटमीठ लावून घेऊन आल्या!

तिकडे मंगळवेढ्याचा शेतकरी 'औंदा ज्वारी पेरू' म्हणतो तो पेरू आणखी वेगळा. आणि खुद्द पोर्तुगीजांच्या भाषेत 'पेरू' म्हणजे काय? टर्की नावाचा पक्षी! हा पक्षी मूळचा अमेरिकेतला, पण तो नक्की कुठून आला याबद्दल युरोपात एवढा गोंधळ होता की पोर्तुगीजांनी त्याला पेरू केलं, इंग्रजांनी टर्की केलं, आणि तुर्कांनी त्याला नाव दिलं 'हिंदी'. म्हणजे एच-आय-एन-डी-आय असं लिहिलं तर ती भाषा की कोंबडीचा मोठा भाऊ, हे वाचणारा इस्तंबूलचा आहे की इंदूरचा यावर ठरणार :)

यातून एक गोष्ट कळते. अक्षरं सारखी म्हणून नातं असेलच असं नाही, आणि अक्षरं वेगळी म्हणून नातं नसेल असंही नाही. तेलुगूत दूध म्हणजे 'पालु', कन्नडमध्ये 'हालु'. हे दोघे सख्खे भाऊ. जुना 'प' कन्नडमध्ये 'ह' होतो, एवढाच फरक. (तेलुगू 'पेरु' आणि कन्नड 'हेसरु' हेही असेच भाऊ.) उत्तर कर्नाटकच्या बोलीत शेवटचा उकार जेमतेम ऐकू येतो, म्हणजे दूध झालं 'हाल'. मराठीत 'हाल' म्हटलं की माणसाचे होतात ते, आणि तो शब्द अरबी आहे. आणि 'पाल' म्हणाल तर भिंतीवरची. थोडक्यात काय, तर जे भाऊ आहेत ते सारखे दिसत नाहीत आणि जे सारखे दिसतात ते एकमेकांना ओळखतही नाहीत.

गावाच्या नावाचंही तेच. लहानपणापासून ऐकलंय की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. ऐकायला छान वाटतं. पण बाराव्या शतकातले सिद्धराम, म्हणजे आमचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, कन्नडमध्ये वचनं लिहायचे आणि त्यांच्या गावाचं जुन्या लेखांतलं नाव 'सोन्नलगी' असं आहे. 'सोळा' कुठून आलं? आवाज जुळला म्हणून कुणीतरी जुळवलं. पुढे इंग्रजांनी 'शोलापूर' केलं. शब्दांच्या जन्मकथा अशा आवाजावरून जुळवायला फार सोप्या असतात, आणि मग 'हा शब्द आमचाच, तुम्ही चोरलात' म्हणून भांडायलाही सोप्या.

इथपर्यंत सगळी गंमत झाली. पण मूळ एकच असूनही अर्थ फिरलेले शब्द असतात, ते जास्त धोकादायक. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, जर्मनमध्ये त्याच स्पेलिंगचा अर्थ विष. दोन्ही 'देणे' या एकाच मुळातून. आपल्याकडचा असा शब्द म्हणजे 'शिक्षा'. संस्कृतात शिकणं, शिकवणं. हिंदीनं तोच अर्थ ठेवला. मराठीत झाला दंड. कन्नडमध्ये 'शिक्षे' आणि तेलुगूत 'शिक्ष', तिथेही दंडच.

काही वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो होतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक अक्का मोबाईल घेऊन आल्या. आयुष्यभर विड्या वळल्या त्यांनी. घरात तेलुगू, पण वाचायला येतं ते मराठी. तिसरीतल्या नातीसाठी शिक्षणाच्या मदतीचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख दोन दिवसांवर. पण अक्का फॉर्म भरून घ्यायला आल्याच नव्हत्या. त्या विचारायला आल्या होत्या की हा बंद कसा करायचा.

"राहू दे बाबा, नको भरायला," म्हणाल्या. "बापाची शिक्षा विचारायलेत."

फॉर्मवर लिहिलं होतं, 'पिता की शिक्षा'. त्यांचा मुलगा विशीत असताना एका मारामारीत सापडला होता आणि दोन महिने आत होता. त्यानंतर वीस वर्षं यंत्रमागावर इमानदारीत काम केलं. गल्लीत आता कुणी तो विषय काढतही नाही. आणि मोबाईल तो विचारत होता. सुनेला विचारलं, तर ती तेलंगणातली, तिच्या भाषेतही तोच अर्थ. पोरीच्या कागदावर बापाचं ते लागायला नको, त्यापेक्षा पैसे नकोत, असं घरात ठरलं होतं. फक्त एक कोडं सुटत नव्हतं. त्याच्याच खाली 'माता की शिक्षा' असंही होतं. "सूनबाईनं काय केलंय रे?" अक्कांनी मला खरंच विचारलं.

मी त्यांना अर्थ सांगितला. दोनदा सांगावा लागला. मग बापापुढे आठवी लिहिलं, आईपुढे दहावी, आणि फॉर्म गेला. अक्का जरा वेळ गप्प बसल्या आणि मग चिडल्या. "मग किती शिकलाय म्हणून सरळ विचारायचं की!"

असं का होतं, ते आमच्या धंद्यातल्या लोकांना माहीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला एकच जागा दिलेली आहे. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी सगळ्यांना तेच आकडे. मराठीतली 'शिक्षा' आणि हिंदीतली 'शिक्षा' कॉम्प्युटरच्या लेखी बिट न् बिट एकच. ही कुठल्या भाषेतली, हे वेगळं सांगावं लागतं. वेबपेजवर त्यासाठी भाषेचा टॅग असतो, मराठीला 'एमआर', हिंदीला 'एचआय'. तो बरेचदा कुणी लावतच नाही. किंवा लावतात, पण मराठी मजकूर तयार नसला की हिंदी दाखवायची सोय करून ठेवतात. लिपी तीच आहे ना, वाचता येईल! वाचता येतंच, तीच तर अडचण आहे. मजकूर कन्नड लिपीत असता तर अक्कांना काहीच कळलं नसतं आणि त्यांनी सरळ कुणाला तरी विचारलं असतं. इथे त्यांना कळलं होतं.

मराठीच्या आतसुद्धा हा प्रश्न आहे. 'जरा' म्हणजे म्हातारपण हा संस्कृत शब्द, 'जरा' म्हणजे थोडंसं हा मूळचा अरबी. लिहायला एकच, उच्चारातला ज वेगळा. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इथे अडखळतं. आपण अडखळत नाही, कारण वाक्य कुणाचं आणि कशाबद्दल आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं.

तेव्हापासून हिंदीवरून मराठी केलेला कुठलाही मजकूर माझ्याकडे तपासायला आला की मी काही शब्द आधी शोधतो. शिक्षा. आपत्ति (हिंदीत हरकत, आपल्याकडे संकट). अवकाश (तिकडे सुट्टी, इकडे मोकळी जागा). खाली (तिकडे रिकामं, इकडे खाली). यातायात, चेष्टा, संसार. यादी वाढतेच आहे. टीममधली पोरं हसतात, म्हणतात एवढं कोण वाचतं. मी त्यांना अक्कांचं नाव सांगत नाही, फक्त म्हणतो की वाचणारे वाचतात, आणि नीट वाचतात.