कळंब्यातला ‘न्याय’

आमच्या कळंब्याचं नाव बाहेर निघतं ते तलावामुळे, नाहीतर जेलमुळे. जून 2024 मध्ये त्या जेलात 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या जन्मठेपेच्या एका कैद्याला इतर कैद्यांनी मारून टाकलं. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच तिरंगे. ‘देशद्रोही गेला, नाद खुळा!’ बातमी नीट वाचली तर भांडण आंघोळीवरून झालेलं. देशभक्ती ग्रुपनेच त्याला चिकटवली.

257 माणसं गेली, त्याचा राग मलाही आहे. पण टाडा कोर्टात वर्षानुवर्षं साक्षी झाल्या, तेव्हा कुठे ती शिक्षा लागली. आंघोळीवरच्या मारामारीला न्याय कसं म्हणू? आणि सूत्रधार दाऊद, टायगर मेमन अजून हाती नाहीत. सरकारं बदलली, पाकिस्तानकडची मागणी तीच. ग्रुपवर एवढंच लिहिलं, तर शेजारच्या काकांचा मेसेज आला : ‘तू नक्की कुणाच्या बाजूचा?’