रजोनिवृत्तीचें वय

स्त्रीचें रज बाराव्या वर्षापासून सुरू होऊन पन्नासाच्या सुमारास क्षीण होतें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. त्यामुळें पन्नास ही संख्या आमच्या पिढीच्या मनांत घट्ट बसली. परंतु वाशीमकडे कपाशी-सोयाबीनच्या शेतांत राबणाऱ्या कित्येक बायकांची पाळी चाळिशी उलटतांच गेल्याचें आमच्या कुटुंबाकडून आम्ही वरचेवर ऐकतों.

याचा उलगडा शरीरांतच आहे. मुलगी जन्मते तेव्हां तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लक्ष बीजें असतात. तीं पुढें घटतच जातात. हा साठा सरला कीं पाळी थांबते. सलग बारा महिने ती न आल्यास निवृत्ति झाली, असें डॉक्टर मानतात. यूरोप-अमेरिकेंत हें वय सरासरी ५१ च्या सुमारास, तर भारतांत ४६-४७ च्या सुमारास आढळतें. त्यांत मोठा वांटा आनुवंशाचा. आईची व थोरल्या बहिणीची पाळी ज्या वयांत गेली, त्याच्या आसपासच बहुधा आपलीहि जाते. धूम्रपानानें ती वर्ष-दोन वर्षें अलीकडे येते. अपुरें पोषण व दारिद्र्य यांचाहि लवकर येणाऱ्या निवृत्तीशीं संबंध दिसतो.

येथवर सारें निसर्गाचें व परिस्थितीचें झालें. शस्त्राचें प्रकरण निराळें. इ. स. २०१९ मध्यें बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणींत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. बीजकोशहि काढल्यास निवृत्ति तत्काळ येते. ते राखले तरी ती कांहीं वर्षें अलीकडे येण्याचा संभव असतो. अकालीं निवृत्तीनें हाडें ठिसूळ होतात व हृदयविकाराचें भय वाढतें.

हें केवळ मजुरांच्या घरीं घडतें, असें सुशिक्षितांनीं समजूं नये. आमच्या नात्यांतील अडतीस वर्षांच्या एका सुनेस फार रक्तस्राव होऊं लागला, तेव्हां "दोन मुलें झालीं, आतां पिशवी हवी कशाला?" असा निकाल वडील मंडळींनीं देऊन टाकला. सून नम्रपणें म्हणाली, "माझ्या आईची पाळी बावन्नाव्या वर्षीं गेली. माझीं चौदा वर्षें आजच कां तोडायचीं?" उत्तर कोणाजवळच नव्हतें. दुसऱ्या डॉक्टरांना दाखविलें. औषधांनीं रक्तस्राव आटोक्यांत आला व शस्त्रक्रिया टळली. क्वचित् शस्त्रक्रिया अपरिहार्यहि असते; परंतु तें तपासणीनें ठरावें, घरच्या सोयीनें नव्हे.

आपल्या घरोघरीं जन्मपत्रिका जपून ठेवलेल्या असतात. त्याच पेटींत आई, मावशी व बहिणी यांची पाळी कोणत्या वर्षीं गेली, याचें एक टिपण असावें. चाळिशीपूर्वींच ती थांबली, तर संकोच न करतां डॉक्टरांकडे जावें. मुलींना द्यावयाच्या स्त्रीधनांत एवढी माहिती अवश्य असावी.