पोच

जुन्या पत्रांतला मायना कोणी वाचीत नाही. ‘राजमान्य राजश्री’, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ ही पहिल्या दोन ओळींतली गर्दी ओलांडून डोळा एकदम ‘विनंती विशेष’वर जातो, कामाचे जे काही असते ते तेथून पुढे. मीही तसाच वाचीत असे. इतिहासाची गोडी मला पहिल्यापासून. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून रुमाल गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांत उभी केली, मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात आयुष्यभर बुडून राहिले, सरदेसायांनी १९३० ते १९३४ एवढ्या अवधीत पेशवे दप्तराचे ४५ भाग काढले, हे मी चारचौघांत जणू स्वतःचेच कर्तृत्व असावे अशा थाटात सांगत आलो आहे. त्या ४५ भागांत पेशव्यांच्या खाजगी आयुष्याचेही भाग आहेत. तेही मी चाळले आहेत. दुसऱ्यांच्या घरातली पत्रे वाचताना संकोच वाटत नाही, हे एक नवलच. पण आपल्याच माळ्यावरचा रुमाल सोडून पाहावा, असे पासष्टी उलटेपर्यंत माझ्या मनात आले नाही.

वाईजवळचे आमचे जुने घर विकायला काढले, तेव्हा तो खाली आला. लाल खारव्याचा, गाठ बसलेला. “आजीचा आहे तो,” आत्या म्हणाली. आत्याची आजी म्हणजे माझी पणजी. तिला अक्षरओळख नव्हती, मग तिच्यापाशी कागद कुठले? आत्याला विचारले, तर तिने नुसता हात हलविला.

आत १७ पत्रे होती. काही लिफाफ्यांतली, बहुतेक पाव आण्याची कार्डे. सगळी मोडीत. मोडी मला येत नाही. आमच्या आधीची पिढी ती शाळेत शिकली, आमच्यापर्यंत ती पोचलीच नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत, शब्द न तोडता धावत सुटायचे, अशी ती लिपी. नुसते बघत बसले तर डोळ्यांपुढे मुंग्यांची रांग चालू लागते. पुण्यात एका संस्थेत मोडीचे वर्ग चालतात. तिथे शिकलेली एक मुलगी, माझ्या नातीच्या वयाची, पत्रे वाचायला कबूल झाली.

तिने पहिल्याच दिवशी पत्रांचे दोन गठ्ठे केले. मला वाटले, तारखांवरून. “नाही आजोबा,” ती म्हणाली, “मायन्यावरून. ही दहा ‘चिरंजीव सौभाग्यवती’ची आणि ही सात ‘गंगाभागीरथी’ची.”

सगळी पत्रे एकाच हाताची होती. पणजीच्या थोरल्या भावाची.

येथे आमच्या घराण्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पणजोबा १८९७ साली, ऐन पंचविशीत गेले. पुण्याचे मामा त्या वेळी आले नाहीत. पुढेही बहिणीला माहेरी नेले नाही. म्हणून त्या घराशी आमचा संबंध तुटला. लग्नामुंजीची बोलावणी बंद झाली. ‘मामा आले नाहीत’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले आहे, की ते मामा माझ्या डोळ्यांपुढे पाठमोरेच उभे राहत.

दुसऱ्या गठ्ठ्यातले पहिले कार्ड मुलीने माझ्यापुढे ठेवले. “इथे बघा.” चिरंजीवच्या पुढे ‘सौ’ लिहून झाला होता. सवयीचा हात, तो तसाच चालला असणार. मग त्यावर काट मारलेली, एकदा नव्हे, तीनदा. आणि पुढे, जरा वर सरकून, ‘गं. भा.’.

कार्ड प्लेगच्या क्यांपातून लिहिलेले होते. त्या वर्षी पुण्यात काय चालले होते, ते पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला (२०२० साली करोनात पुन्हा काढला, तोच), मार्चपासून रँडच्या हुकमतीखाली गोरे सोल्जर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले आणि ज्या घरात रोगी सापडे त्या घरातल्या धडधाकट माणसांचीही क्यांपात रवानगी होई. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झाले, तेही शाळेतले पोर सांगेल. पण मामा त्या क्यांपात होते, हे आमच्या घरात कोणी बोलले नव्हते. त्यांच्या पत्नीला इस्पितळात नेले होते. बहिणीच्या घरची वार्ता त्यांना तिथेच कळली. सोडीत नाहीत, सोडले की त्याच पावली निघतो, असे लिहून शेवटी एक ओळ होती. मी येईपर्यंत न्हाव्यास घरात येऊ देऊ नये.

उघडे कार्ड. लिफाफा मिळाला नसेल. दारात ज्याने घेतले, त्याने ते वाचलेच असणार.

आमच्याकडे पणजीचे एकच छायाचित्र आहे. आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर.

मला प्रथम वाटले ते असे, की कार्ड उशिरा पोचले असेल. साथीचे दिवस, टपालाचे काय सांगावे! तशी आशाच होती म्हणा ना. पेशवाईतल्या पत्रांवर कारकून ‘पैवस्ती’ टाकीत, म्हणजे पत्र कधी हाती आले त्याची नोंद. पत्र निघाले कधी याहून पोचले कधी, यावर संशोधकांची मोठमोठी भांडणे मिटली आहेत. कार्डावर ते काम पोष्टाच्या दुसऱ्या शिक्क्याने केले होते. शिक्का पुसट असला तरी तारीख वाचता येत होती. पणजोबांची श्राद्धाची तिथी आम्ही वर्षानुवर्षे पाळतो, चैत्र वद्यातली. मुलीने संस्थेतून शके १८१९ चे पंचांग काढले, बोटावर दिवस मोजले, पुन्हा मोजले.

“आठवा दिवस,” ती म्हणाली.

विधवेचे केस दहाव्याला उतरीत.

संध्याकाळी मी आत्याकडे गेलो. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे. सगळे ऐकून घेऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अण्णा रविवारी दुपारी दार लावून आजीला काहीतरी वाचून दाखवायचे. आम्हांला वाटायचं, पोथी.” अण्णा म्हणजे माझे आजोबा. बाप गेला तेव्हा ते दोन वर्षांचे होते. मोडी त्यांना उत्तम येत असे. मग माझ्या ध्यानात आले, की ‘मामा आले नाहीत’ हे वाक्य मी काकांच्या, चुलत आजोबांच्या, सगळ्यांच्या तोंडून ऐकले होते. अण्णांच्या तोंडून मात्र एकदाही नाही. पण त्यांनी ते खोडूनही काढले नाही. का, ते आता कोणाला विचारायचे?

रुमाल संस्थेला द्यावा असे मी ठरविले, तेव्हा आत्या रागावली. “घरातली लाज बाहेर मांडायची हौस आहे का तुला?” तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कार्ड दडविणारा आमचाच पूर्वज. त्याच्या नावाने आम्ही अजून तर्पण करतो. पण घरात ठेवून आम्ही त्या कागदाचे काय केले होते? सव्वाशे वर्षे त्याच्यावर बसून मामांना नावे ठेवली होती. दोन महिन्यांनी तीच म्हणाली, “दे. पण नीट लिहून दे, कुठलं पत्र कुणाचं ते.” संस्थेतल्या गृहस्थांनी विचारले, “राजकीय काही आहे का यात?” मी नाही म्हणालो. वहीत नोंद झाली: किरकोळ खाजगी पत्रे, नग १७.

दप्तराचे एक दुखणे असते. त्यात आलेली पत्रे राहतात. गेलेली दुसऱ्याच्या घरी. पणजीने कोणाकडून तरी लिहवून घेतलेली उत्तरे मामांकडे असणार म्हणून मी त्यांच्या पणतवाचा पत्ता काढला. तो दूरध्वनीवर मोकळेपणाने बोलला. भांडणाचे त्याला काहीच ठाऊक नव्हते. वाडा नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पत्रांची पेटी होती म्हणे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी आले, त्यात माजघरासकट गेली.

आत्याला हे सांगितले. ती म्हणाली, “शेवटच्या पत्रात काय आहे रे?”

“आंबे पाठवलेत. करंडीत किती आहेत ते लिहिलंय. पोचल्याचं कळवावं, एवढंच.”

“कळवलं असेल,” आत्या म्हणाली. “मोजून घेऊन कळवलं असेल. पोच दिल्याशिवाय राहायची नाही ती.”