दोन तुकड्यांची नोट

नोटांच्या बाजारात भाव असतो कोऱ्या करकरीत नोटेला. घडी नाही, टाचणीचं भोक नाही, कोपरा मुडपलेला नाही, की बोली चढत जाते. मी मात्र मधोमध कापून पुन्हा चिकटवलेल्या नोटांच्या मागे असतो. विक्रेते त्या पेटीच्या तळाशी टाकतात आणि मी मागितल्या की माझी थोडी कीव करत काढून देतात.

१८६१च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारकडे आला. १८६७पासूनच्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या, पाठ कोरी. १०० रुपये म्हणजे तेव्हा मोठीच रक्कम. टपालात चोरीला गेली तर संपलंच. म्हणून पेढीवाले नोट सरळ कापत. अर्धी आधी रवाना होई, ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली. नंबर दोन्हीकडे छापलेला, त्यामुळे जोडी जुळवणं सोपं. हुंडी गहाळ झाली तर पैठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, लिहून देणाऱ्यांच्या अंगी ही सावधगिरी मुरलेलीच होती.

शिवाय नोट सर्कलची, म्हणजे ठरावीक चलन-विभागाची असे. मुंबईची नोट कलकत्त्याच्या कचेरीने वटवलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. १०० रुपयांची नोट देशभर चालू लागली ती १९११त. परमुलखात अडकलेल्या कितीतरी नोटा घरी परतताना कापल्या गेल्या असणार, असा माझा कयास.

अशी नोट हाती आली की आधी दोन्ही नंबर ताडायचे. मग उजेडात धरून जलचिन्ह कापावरून नीट पुढे जातं का, ते पाहायचं. भलत्याच दोन अर्ध्या एकत्र नांदताना सापडतात! शेवटी पाठ. मला सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागतो: मोडीतल्या सह्या, पेढीचा पुसट शिक्का, जोडाची कागदी पट्टी.

‘पट्टी काढून, इस्त्री केल्यासारखी करून देतो, भाव दुप्पट येईल,’ असं सांगणारे कारागीर हल्ली भेटतात. कामात ते तरबेज असतात, पण मी नको म्हणतो. खळीने डकवलेली ती पट्टी नोट वटवण्यासाठी लावलेली, म्हणजे नोटेइतकीच अस्सल. सेलोटेप असेल तर मात्र जाणकाराकडून काढवून घेतो. तिचा डिंक कागद पिवळा करतो, आणि ती लावलेली असते कुणातरी आळशी संग्राहकाने, पेढीवाल्याने नव्हे.