जुन्या गाडीतले मिसिंग : दोष शोधण्याचा क्रम

इंजिनाचे सिलिंडर ठरलेल्या पाळीने पेटतात. एखाद्याची पाळी चुकते, त्या दोषाला मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे होत असतील, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा ठिणगी पडते. एक सिलिंडर बंद पडला की इंजिन हादरते, चढावर दम सोडते आणि पेट्रोल जास्त पिते.

पेट्रोल नीट पेटायला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसे कॉम्प्रेशन आणि वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी. अलीकडच्या गाड्यांत चुकणारा सिलिंडर स्कॅनर लावून कळतो. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत ती सोय नाही. मात्र तिचे सगळे भाग हाताला लागतात, म्हणून घरच्या घरीही दोष शोधता येतो. येथे दाखल्यासाठी घेतलेली गाडी प्रस्तुत लेखकाच्या घरची आहे : प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, चार सिलिंडर, एकच कार्बुरेटर आणि पॉइंटचे इग्निशन. पावसाळी सकाळी ती तीन सिलिंडरवर चालू लागे. इंजिन तापले की निम्माअधिक दोष नाहीसा होई.

पहिली पायरी ऐकण्याची. सायलेन्सरचा आवाज ठरावीक अंतराने तुटत असेल, तर दोष एकाच सिलिंडरचा असतो. आवाज कसाही, कधीही तुटत असेल, तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा पेट्रोलचा पुरवठा यांच्याकडे वळावे, कारण हे भाग चारही सिलिंडरना सामाईक असतात. दोष गार इंजिनात येतो की गरम, ओलीत की चढावर, याची नोंद ठेवावी. पद्मिनीचा आवाज अगदी नियमाने तुटत होता आणि तोही फक्त दमट हवेत. एकट्या कार्बुरेटरमुळे असे सहसा घडत नाही. तो बिघडला तर सगळेच सिलिंडर कुरकुरतात.

दुसरी पायरी बंद सिलिंडर ओळखण्याची. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंद गॅरेजमध्ये एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, कपडे आणि हात पंख्यापासून दूर. इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढावी, तिच्या टोकाला जादा प्लग बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाला पक्के टेकवावे आणि मग गाडी चालू करावी. चालू इंजिनाच्या वायरीला हात लावू नये. तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने या कामापासून लांबच राहावे. वायर काढल्यावर इंजिन आणखी मंदावले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच दोषी. पद्मिनीत तिसऱ्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाजात तसूभरही बदल झाला नाही.

त्यानंतर प्लग पाहावा. बदामी रंग निरोगी ज्वलनाचा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा तेलकट थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल येते. पांढरे पडलेले टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापते. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग पेट्रोलने ओला निघाला, त्याला वासही येत होता. पेट्रोल पोचत होते, पेटत नव्हते. फिलर गेजने गॅप मोजली. ती ठीक होती.

इथे पुष्कळ जण प्लगचा नवा सेट आणतात. त्याआधी करायची गोष्ट फुकट आहे : संशयित भाग शेजारच्या सिलिंडरला लावावा आणि दोष त्याच्याबरोबर जातो का ते पाहावे. एका वेळी एकच भाग हलवावा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावला, तरी बंद सिलिंडर तिसराच राहिला. प्लग निर्दोष ठरला; उरली वायर आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप. कॅपच्या आतून केसासारखी काळी रेघ दिसली, तर तिथून करंट गळतो. कॅप स्वच्छ होती.

वायरीची खरी परीक्षा अंधारात होते. रात्री बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, लांबून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. लोखंडी पट्टीला जिथे तिसरी वायर टेकत होती, तिथे निळसर ठिणगी तटतट उडू लागली. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वायरीचे रबर कडक होऊन चिरले होते. दमट हवेत करंट प्लगपर्यंत न जाता त्या चिरेतून बॉडीला उतरत होता. इंजिन तापून ओल सुकली की पुन्हा प्लगकडे जात होता.

चारही वायरी एकाच वयाच्या असल्याने सेट बदलला. बदलताना एक वायर काढून तिच्या जागी लगेच नवी बसवावी, म्हणजे १-३-४-२ हा पेटण्याचा क्रम चुकत नाही. नव्या वायरी लोखंडाला घासणार नाहीत अशा बांधाव्यात.

वायर बदलूनही सिलिंडर बंदच राहिला, तर कॉम्प्रेशन तपासावे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलचे कनेक्शन काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला अशा स्थितीत गेज लावून स्टार्टर मारावा. एकाच सिलिंडरचा आकडा बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि अशा वेळी टॅपेटची गॅप आधी पाहावी. शेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. कॉम्प्रेशन सारखे असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जाते का ते पाहावे. रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटची दुरुस्ती हे काम घरचे नव्हे. मात्र मेकॅनिककडे जाताना सिलिंडरचा नंबर आणि गेजचे आकडे हातात असले की विनाकारण इंजिन उघडले जात नाही.

दोष अंगावर काढू नये. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते, ऑइल पातळ होते आणि रिंग लवकर झिजतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तेच पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो आणि निकामी होतो. दुरुस्तीनंतर गाडी गार, गरम आणि चढावर अशी तिन्ही प्रकारे चालवून पाहावी, आणि दोष ओलीत येत असेल तर फवाऱ्याची परीक्षाही पुन्हा घ्यावी. या सगळ्यांत आवाज अखंड राहिला, तरच काम पुरे झाले असे समजावे.