मुंबई बेटावर एक संध्याकाळ

सहा डिसेंबरला आपल्यापैकी किती जण मुंबईला जातात हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. केज तालुक्यातल्या आमच्या नांदूरघाटहूनही दरवर्षी माणसे निघतात. पण आपण पाहतो ती मुंबई केवढी? दादर स्टेशन, शिवाजी पार्क, चैत्यभूमीची रांग, पुस्तकांचे स्टॉल आणि पुन्हा दादर स्टेशन. मी स्वतः पंधरा-सोळा वेळा गेलो असेन. दर वेळी त्याच रात्री परत. दुसऱ्या दिवशी कचेरीत मस्टरवर सही करायची असते ना!

गेल्या खेपेला मात्र आत्या बरोबर होती. वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे धरलेले. गाडीने मांजरसुंबा मागे टाकले तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, पुन्हा यायला जमंल न जमंल. एकडाव मला ती समुद्राची भित दाखीव. बसायची भित." मला आधी कळलेच नाही. मग उलगडा झाला की ती मरीन ड्राइव्हच्या कठड्याबद्दल बोलत होती.

यामागे १९७२ आहे. त्या दुष्काळात आमच्या भागातली विहीर न् विहीर आटली. काही जण रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बसले, सुकडी खाऊन दिवस काढले. काहींनी मुंबई गाठली. आत्याचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. ती आणि मामा (आता कालकथित) नरिमन पॉइंटला एका इमारतीच्या कामावर लागले. मामा वर सेंटरिंगला, आत्या खाली डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहायची. आठ महिने तिथेच पत्र्याच्या खोपटात काढले. शेवटच्या आठवड्याची मजुरी मुकादमाने दिलीच नाही. समोर समुद्र, पलीकडे दिव्यांची रांग, सगळे रोज दिसायचे. पण कठड्यावर जाऊन बसायची हिंमत झाली नाही. एकदा बसले तर कुणीतरी हटकून उठवले. अंगावर सिमेंट होते, दुसरे काय कारण असणार?

म्हणून या वेळी मी रजा वाढवली. कुर्ल्याला चुलतभावाकडे मुक्काम केला आणि सात डिसेंबरला दुपारी चारच्या सुमारास आम्ही निघालो. आत्या, माझी पत्नी, नववीतली मुलगी, चुलतभावाचा सहावीतला मुलगा आणि मी.

लोकल कुर्ल्याहून सुटली आणि मिठी नदीवरून जाऊ लागली तसा मी पोरांना म्हटले, "आता आपण बेटावर चाललो." मुलगा हसायला लागला. मुंबईत जन्मलेला, पण मुंबई हे बेट आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. वाचकहो, मोठ्या माणसांच्याही हे ध्यानात नसते. पूर्वी इथे सात बेटे होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधल्या खाड्यांत भरतीचे पाणी शिरायचे. टेकड्या फोडून, दगडमाती टाकून त्या खाड्या बुजवल्या आणि सातांचे एक बेट झाले. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात हे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. बेटाची हद्द उत्तरेला जिथे संपते त्या स्टेशनाचे नाव शीव. आत्याला हे लगेच समजले. गावाला शीव असते तशी बेटालाही शीव. इंग्रजांनी तिचे 'सायन' केले.

दादरला उतरलो ते वडापावसाठी. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगतात. गिरण्यांच्या पाळ्या सुटायच्या तेव्हा उभ्याउभ्या खाता येईल, हात धुवायला पाणी लागणार नाही आणि पोट भरेल, असा हा पदार्थ. १९८२ च्या संपानंतर कामावरून गेलेल्या कितीतरी गिरणी कामगारांनी वडापावच्याच गाड्या टाकल्या. बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आलेले, पण लसणाची लाल चटणी आपली. आत्याने अर्धा खाल्ला, वर तळलेली मिरची खाल्ली आणि म्हणाली, "चटणी चांगलीय. पर येसूर न्हाई." मराठवाड्याच्या माणसाला येसराशिवाय काही तिखट वाटतच नाही.

तिथून सीएसएमटी. सगळे जण स्टेशनाच्या इमारतीचे फोटो काढत होते, आम्हीही काढले. पण मला दुसरे काही दाखवायचे होते. स्टेशनासमोरच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर आनंद भवन आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, आणि त्याच संस्थेचे वाणिज्य महाविद्यालय या इमारतीत आहे. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना सकाळी शिकता यावे, हा सिद्धार्थ काढण्यामागचा मोठा हेतू. मी बी.कॉम. झालो ते दुकानात हिशेब लिहीत लिहीत, आमच्याच जिल्ह्यात. मुलगी फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. "पप्पा, इथं वसतिगृह आहे का?" एवढेच तिने विचारले. चौकशी करतो म्हणालो. करतो आहे.

पूर्वी या भागातून पर्यटन महामंडळाची उघड्या छताची डबलडेकर फिरायची. वर बसून दिवे लागलेल्या इमारती बघायच्या. ती जुनी बस ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी बेस्टने विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर आणल्या. त्यातली नरिमन पॉइंटकडे जाणारी एक आम्हाला मिळाली. आत्याला वरच्या मजल्यावर न्यायचे म्हणजे दोघांनी दोन्हीकडून धरावे लागले, पण चढली. काचेतून खाली बघत होती. गेटवेला जायला वेळ राहिला नाही. लाँचमध्ये बसायचेही पोरांच्या मनात होते, पण डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाकडे जाणाऱ्या बोटीला झालेला अपघात आत्याने टीव्हीवर पाहिलेला. "पाण्यावर न्हाई. पाण्याच्या काठानं," असे तिने निक्षून सांगितले.

नरिमन पॉइंटच्या टोकाला उतरलो तेव्हा सहाला थोडाच अवकाश होता. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे तो मलबार हिलच्या आड जात नाही, मोकळ्या पाण्यात उतरतो. आत्या कठड्यावर बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या. पाच मिनिटे काही बोलली नाही. मग मागे वळून उंच इमारती बोटाने मोजू लागली. तिची इमारत कोणती ते तिला ओळखता येईना. त्या वेळी तिथे तीन-चारच उभ्या होत्या, आता सगळ्या एकमेकींच्या आड. "काचा लावल्यावर म्या कशी वळखावी? म्या नुसती खडी बघितली हुती," ती म्हणाली.

आम्ही बसलो होतो ती जमीनच मुळात समुद्र होती. बॅकबेचा भराव १९२० च्या दशकात सरकारने हाती घेतला. आठ भाग भरायचे ठरले, भरले चारच, आणि खर्च मात्र बेसुमार. त्या कारभारावर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कोरडे ओढले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. स्वातंत्र्यानंतर उरलेल्या भागात पुन्हा भराव टाकला गेला आणि त्या टोकाला नाव मिळाले नरिमन यांचेच. भराव टाकण्यातल्या गैरकारभाराविरुद्ध जो भांडला त्याचे नाव भरावाला! टिपरने माती ओतणाऱ्यांची, घमेली वाहणाऱ्यांची नावे कुठल्या टोकाला असतील असे मात्र वाटत नाही. मी हे आत्याला सांगितले. ती म्हणाली, "माझं नाव कशाला? मुकादमाकडं आठवडा ऱ्हायलाय, तेवढा द्या म्हणावं."

दिवे लागले. कठड्याने गर्दी वाढली. कॉलेजची पोरे, म्हातारी जोडपी, कचेऱ्या सुटलेले लोक. एक शेंगावाला टोपली घेऊन फिरत होता. टोपलीत शेंगा गरम ठेवायला निखाऱ्याचे छोटे मडके. आमच्यापाशी येऊन तो पुडी वळणार तोच लांबून कुणीतरी शीळ घातली. गाडी आली होती. चहाच्या सायकली, फुगेवाले, खेळणीवाले क्षणात पांगले. हा गडी गोंधळला. आत्याने काही न बोलता टोपली ओढून कठड्याखाली आपल्या पायांशी घेतली आणि वर लुगड्याचा पदर पसरला. मला म्हणाली, "इस्तू हाय आत, जरा सरक." गाडी संथपणे पुढे निघून गेली. कुणी विचारले असते तर काय म्हणाली असतीस, असे मी नंतर विचारले. "माझी हाय म्हणले असते. बघू कोण उठवतंय," ती म्हणाली. पन्नास वर्षांनी का होईना, त्या कठड्यावरून तिला कुणी उठवले नाही.

२०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी करा, त्यांना प्रमाणपत्र द्या, जागा नेमून द्या, तोवर हटवू नका, असे त्यात आहे. कार्यकर्ता म्हणून त्याची प्रत माझ्याकडे आहे. शेंगावाल्याला तो कायदा ठाऊक नव्हता. त्याने आत्याला फुकट पुडी देऊ केली. आत्याने पैसे दिले आणि वर मूठभर शेंगा जास्त घातल्या नाहीत म्हणून त्याच्याशी भांडली.

तिथून गिरगाव चौपाटीपर्यंत चालणे आत्याला झेपणारे नव्हते. टॅक्सी केली. पोरांनी खिडकीतून दिव्यांची कमान पाहिली, तिला राणीचा हार म्हणतात. चौपाटीवर वाळू, घोडागाडीसारखी खेळणी, कुल्फी, गोळे आणि एका बाजूला भेळेच्या दुकानांची रांग. आम्ही वाळूवर बसलो.

भेळेत चुरमुरे, शेव, कांदा, उकडलेला बटाटा, कैरी मिळाली तर कैरी, चिंच-गुळाचे गोड पाणी आणि हिरवे तिखट पाणी. चमचा नाही, कडक पुरीनेच उचलून खायचे. आत्याने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हा तर आपला सुसलाच की, बिनफोडणीचा." खरे आहे. आमच्याकडे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन सुसला करतात, पाहुणा आला की पटकन होतो.

मग तिने ती गोष्ट सांगितली, जी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. बहात्तर साली एका संध्याकाळी मामांनी तिला इथे आणले होते. गावाकडे हॉटेलात आपल्या लोकांच्या कपबशा वेगळ्या असत. बाहेर कोनाड्यात ठेवलेल्या. आपणच घ्यायची, चहा वरून ओतायचा, आपणच धुवून ठेवायची. म्हणून भेळवाल्यापुढे ती जराशी लांबच उभी राहिली. "त्यानं कागद पुढं केला आन इचारलं, तिखा का मीठा? म्या इकडं तिकडं बघितलं, दुसऱ्या कुणाला इचारतोय का म्हणून. जात न्हाई इचारली रं त्यानं. तिखा का मीठा, एवढंच." त्या दिवशी गोंधळून ती "मीठा" म्हणाली. तिला गोड भेळ मुळीच आवडली नाही, पण कागद चाटूनपुसून खाल्ला. या वेळी माझ्या मुलीने तिच्यासाठी न विचारताच तिखी सांगितली होती.

मुलाला काला खट्टा गोळा हवा होता. बर्फ कसल्या पाण्याचा असेल या काळजीने पत्नीने नको म्हटले. तो हिरमुसला, मग कुल्फीवर समजूत निघाली. लेकरे घेऊन जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. म्हातारी माणसे बरोबर असतील तर सहा डिसेंबरलाच हे सगळे करायचा हट्ट नको, एक दिवस जास्तीचा काढावा. स्वच्छतागृह दादरला किंवा सीएसएमटीलाच उरकून घ्यावे. लोकल आणि बसला पैसे थोडेच लागतात. आमचा मोठा खर्च टॅक्सी आणि भेळ एवढाच.

साडेनऊला चर्नी रोडहून गाडी धरली, दादरला बदलली. आत्याला बसायला जागा मिळाली. डोळा लागला होता. गाडी थांबली तशी दचकून तिने विचारले, "कोणतं आलं?" शीव, मी म्हटले. "म्हंजी बेट सरलं," म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

कुर्ल्याला उतरताना ती पदराची गाठ चाचपत होती. भेळेबरोबरच्या चार पुऱ्या तिने नांदूरघाटच्या शेजारणीसाठी बांधून घेतल्या होत्या. दोघी बहात्तरला एकाच खोपटात राहिल्या होत्या. गावी पोचेपर्यंत पुऱ्यांचा चुरा झाला. आत्याने तो वाटीत घालून शेजारी नेऊन दिला.