भाड्याची माडी

आमच्या घराण्यानें आजवर बिऱ्हाडकरू पुष्कळ ठेविले. परंतु स्वतः कोणाचें बिऱ्हाडकरू होण्याचा प्रसंग आम्हांवर आला नव्हता. तो गेल्या चार वर्षांपासून आला आहे. मुंबईंत कोठें तरी आमची एक भाड्याची खोली आहे. ती आमच्यापैकीं कोणींही डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं, व पाहण्याचा संभवहि नाहीं. जाणते लोक तिला ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर’ म्हणतात. आमच्या सौभाग्यवतीनें पहिल्याच महिन्यांत तिचें नांव ‘माडी’ असें ठेविलें, आणि घरांत तेंच रूढ झालें.

हें प्रकरण आहे तरी काय, असें वाचक विचारतील. पुण्यांतला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. जोतें एक, आड एक, दिंडीदरवाजा एक. पण आंत वीस बिऱ्हाडें, आणि प्रत्येकाचें कुलूप निराळें, चूल निराळी. एका प्रचंड संगणकाचे असेच भाग पाडतात. आणि ते इतके चोख, कीं प्रत्येक भाडेकरूस आपण एका स्वतंत्र यंत्राचे धनी आहों असेंच वाटावें. कल्पना नवी नाहीं. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं ‘व्ही.एम./३७०’ या नांवानें ती बाजारांत आणिली होती. २००७ सालीं ‘के.व्ही.एम.’ नांवाची तशीच सोय लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाली. आमच्या वांट्यास आलेली जागा बेताचीच आहे. भाडें म्हणाल तर घरांत येणाऱ्या मासिकांच्या व वर्तमानपत्रांच्या बिलाहून थोडें अधिक.

ही उठाठेव मीं हौसेनें केली नाहीं. माझ्या थोरल्या वहिनींची अकरा वर्षांचीं छायाचित्रें एका कंपनीच्या फुकटच्या कोठारांत होतीं. टेलिफोनचा क्रमांक बदलला, कंपनीस ओळख पटेना, आणि खातें बंद झालें. आम्हीं पत्रांवर पत्रें पाठविलीं; उत्तरें आलीं तीं यंत्रानें लिहिलेलीं. त्या कोठारांत आमच्या आईच्या आवाजांतलीं भोंडल्याचीं गाणींहि होतीं. आई त्यापूर्वींच गेलेली. वहिनी रडल्या नाहींत. “फुकट ठेवायला दिलेल्या वस्तूची पावती मागायची नसते, भावजी,” एवढेंच म्हणाल्या. पुढें न्यू जर्सींतल्या पुतणीकडे तीन मिनिटांचें एक गाणें सांपडलें. तिला तें पूर्वीं कोणीं तरी पाठविलें होतें, म्हणून वांचलें.

तेव्हां माडीचा पहिला उपयोग ठरलेलाच होता. ‘नेक्स्टक्लाउड’ नांवाची एक विनामूल्य प्रणाली मीं तींत बसविली. घरांतल्या सर्वांचीं छायाचित्रें, जमिनीचे उतारे, दवाखान्याचे कागद आतां तेथें जातात. कुलवृत्तान्ताच्या छापील ग्रंथांत आमच्या शाखेच्या पुढल्या दोन पिढ्या नाहींत. त्यांची नोंदवही तेथेंच आहे, व नागपूरचे काका आणि अमेरिकेंतली पुतणी एकाच पानावर लिहितात. श्राद्धतिथि दरवर्षीं निराळ्या तारखेस येतात. त्या एकदां सामाईक दिनदर्शिकेंत घातल्या, कीं सर्वांच्या टेलिफोनवर उमटतात. पूर्वीं हें काम वहिनींच्या स्मरणशक्तीवर चाले, आणि खरें सांगावयाचें तर अजूनहि त्यांच्याच स्मरणशक्तीनें दिनदर्शिकेंतल्या चुका सांपडतात.

मला स्वतःला सर्वांत मौज वाटली ती कोंकणांतल्या घराची. बहुतेक घरगुती जोडण्यांना इंटरनेटवर स्वतःचा असा कायमचा पत्ता नसतो. बाहेरून हांक मारावी तर मारावी कोणास? माडीला मात्र स्वतःचा कायमचा पत्ता आहे. पुण्याचें घर आणि कोंकणचें घर, दोन्हीं घरें आपापल्या आंतून तिच्याकडे हात करतात, आणि ते हात तेथें एकमेकांस मिळतात. ‘वायरगार्ड’ नांवाच्या साधनानें हा गुप्त बोगदा तयार होतो. त्यामुळें मी येथें बसून तिकडच्या फाटकावरील कॅमेरा पाहतों, आणि पावसाळ्यांत पागोळ्या मोजतों.

स्वतःचें टपालखातें मात्र तेथें कोणीं उघडूं नये. मीं उघडलें होतें. माझीं पत्रें लोकांच्या केराच्या टोपलींत जाऊन पडूं लागलीं. मोठीं टपालघरें अनोळखी बिऱ्हाडांतून आलेल्या पत्रावर विश्वास ठेवीत नाहींत. महिन्याभरानें तो नाद सोडला.

पहिल्याच रात्रीं नोंदवही उघडून पाहतों, तों जगांतले अनोळखी लोक आमच्या दाराची कडी हालवून पाहत होते! सर्व काम यंत्राचें. शेंकडों वेळां तेंच नांव, निराळा संकेतशब्द. म्हणून संकेतशब्दाची वाटच बंद करून केवळ किल्लीनें, म्हणजे एका गुप्त लेखानें, दार उघडेल अशी योजना केली. ती किल्ली माझ्या संगणकावर होती, केवळ माझ्याच.

धाकट्या सूनबाईनें दोनदां म्हटलें, “बाबा, एक किल्ली माझ्याकडेहि असूं द्या.” मीं म्हणालों, “घाई काय आहे?” आमच्या आजीच्या कमरेला तिजोरीची किल्ली असे, आणि ती सुनांच्या हातीं केव्हां गेली हें मला ठाऊक होतें. तरी मीं तसेंच केलें.

गेल्या वर्षीं हृदयविकारानें मी एकोणीस दिवस रुग्णालयांत होतों. त्याच सुमारास भाडें कापणाऱ्या माझ्या कार्डाची मुदत संपली. सूचनापत्रें आलीं तीं माझ्याच टपालांत. माडी बंद पडली, आणि चार दिवसांनीं आंतलें सर्व पुसलें जाणार होतें. छायाचित्रें दिसेनात तेव्हां सूनबाईस शंका आली. मी औषधाच्या गुंगींत असतां तिनें माझा अंगठा माझ्या टेलिफोनवर टेंकविला, तीं पत्रें वाचलीं, आणि पैसे भरले. एम.ए. झालेल्या माणसाचें घर अंगठ्यावर वांचलें!

घरीं आल्यावर मीं तिला किल्ली दिली. तिनें आंत जाऊन जें पाहिलें तें सांगतांना ती फार सौम्यपणें बोलली. रोज रात्रीं कोंकणांतल्या घरीं सर्व वस्तूंची एक प्रत जात असे, अशी माझी समजूत होती. तेथली तबकडी भरल्यामुळें ती पांच महिने गेलीच नव्हती. मीं कधीं उघडून पाहिलें नव्हतें. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएचक्लाउड कंपनीची एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांनीं प्रतीहि तेथेंच ठेविल्या होत्या त्यांचें सर्वस्व गेलें. ही हकीगत मीच तिला कौतुकानें सांगितली होती.

आतां कारभार तिच्याकडे आहे. मला आंत जावयाचें असलें तर मी विचारून जातों. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती कोंकणच्या प्रतींतून एक वस्तु परत आणून पाहते. आणि ती वस्तु नेहमीं एकच असते. सकाळीं नऊच्या सुमारास दिवाणखान्यांत आईचें तीन मिनिटांचें गाणें लागतें, आणि वहिनी हातांतलें काम तसेंच घेऊन माजघराच्या दारांत येऊन उभ्या राहतात.